स्पेक्ट्रम प्लसची रॅम बदलूनही परत परत जातेय? आधी लाईट बघा, मग चिप

मंडळी, गेल्या वर्षभरात एकाच तक्रारीचे इतके फोन आले की म्हटलं एकदाचं सगळं नीट लिहून काढावं. तक्रार अशी, स्पेक्ट्रम प्लस हा आपला जुना घरगुती कॉम्प्युटर चालू केला की खाली सिंक्लेअरची ओळ यायच्या ऐवजी उभ्या पट्ट्या येतात नाहीतर रंगीत चौकोन, मग कुणीतरी सांगतं रॅम गेली, एक चिप बदलली की मशीन मस्त चालतं, महिना दोन महिने जातात आणि परत तेच, फक्त या वेळी दुसरीच चिप गेलेली असते. चार-चार वेळा बोर्ड उघडून झालाय लोकांचा. तर रॅम मागवायच्या आधी हे सगळं वाचा, कारण माझ्याकडं आलेल्या बहुतेक मशीनमध्ये रॅम हा रोग नव्हता, रॅम मार खात होती.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडात सिंक्लेअर रिसर्चनं १९८२ साली काढला, रबरी कळांचा, आणि १९८४ च्या ऑक्टोबरात कडक कळांचा स्पेक्ट्रम प्लस आला, आतला बोर्ड तोच ४८ केचा आणि तोच झेड८० प्रोसेसर. आपल्याकडं पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावानं तो विकला, म्हणून सांगली, मिरज, कऱ्हाडकडं अजूनही कुणाच्या तरी माळ्यावर एखादा सापडतो. आमच्या पाच-सहा जणांच्या टोळक्याकडं मिळून चार आहेत. माझं घर सांगलीत गावभागात, रोजची कामं उरकली की रात्री टेबलावर एक तरी उघडलेला असतोच.

आता मूळ प्रकरण. तासगावकडं माझा एक मित्र आहे, द्राक्षबाग आहे त्याची, घर गावात नाही, मळ्यातच. शाळेत असताना त्याच्या वडिलांनी घेतलेला स्पेक्ट्रम त्यानं जपून ठेवला होता आणि आता पोरीला बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची म्हणून बाहेर काढला. पहिल्यांदा पट्ट्या आल्या तेव्हा मी खालच्या रॅममधली एक चिप बदलून दिली. दीड महिन्यानं फोन, "परत गेलं रे, पोरगी हिरमुसली." दुसरी चिप. पुढच्या वेळी बोर्ड उघडला तर चिप तर गेलीच होती पण टीआर ४ हा ट्रान्झिस्टर फुटलेला आणि शेजारची कॉइल काळवंडलेली. तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजली, कारण टीआर ४ उगाच जात नाही.

अजून एक गोष्ट त्यानं सहज बोलता बोलता सांगितली होती आणि मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं. म्हणाला, "एक आठवडा मशीन रात्रभर चालतंय, काही त्रास नाही, आणि एक आठवडा तासाभरात हँग होतंय, रीसेट दाबला तरी कधी उठतंय कधी नाही." आठवड्याच्या हिशोबानं कुठली चिप खराब होते? चिप गरम झाली तर वीस मिनिटांत होईल, सोल्डर तडकला असेल तर हलवल्यावर होईल, पण आठवडा बरा आणि आठवडा वाईट हे यंत्राचं लक्षण नाही, हे वेळापत्रकाचं लक्षण आहे.

म्हणून एप्रिलमध्ये मीच गेलो मुक्कामाला, मल्टीमीटर घेऊन. जेवणं झाली, नऊ वाजता मशीन लावलं, पोरगी दहा ओळींचा गुणाकाराचा प्रोग्राम टाइप करत बसली, सगळं झकास. दहाच्या सुमाराला बाहेर विहिरीवर मोटारीच्या ऑटो स्टार्टरचा खट् असा आवाज आला, मोटार घुरघुरायला लागली, मग लांबून दुसरी, तिसरी. देवघरातला झिरोचा बल्ब लालसर झाला, पंखा मंदावला आणि टीव्हीवरच्या चित्रातून एक आडवी जाड लाट हळूहळू वर सरकायला लागली. पोरगी म्हणाली, "काका, आता जाणार बघा." तिला पाठ झालं होतं. चार-पाच मिनिटांनी पडद्यावर कचरा आला आणि मशीन अडकलं.

शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. मळ्यातल्या घरांना त्याच डीपीवरनं लाईट. ज्या आठवड्यात रात्रपाळी असते त्या आठवड्यात दहानंतर आख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि पोरीचा अभ्यासाचा वेळ पण तोच. एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली, पाण्याची ओढ, त्यामुळं एकही मोटार बंद नाही. एवढं साधं होतं.

आकडे सांगतो म्हणजे पटेल. मोटारी सुरू व्हायच्या आधी घरात २२८ व्होल्ट होते, सुरू झाल्यावर १७६. जुना अ‍ॅडॉप्टर म्हणजे आत नुसता ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कॅपॅसिटर, रेग्युलेशन काही नाही, त्यामुळं इकडं व्होल्टेज जेवढं पडेल त्या प्रमाणात तिकडं पडणार. मशीन लावलेलं असताना आधी १०.४ मिळत होते ते ७.७ वर आले. आता ७.७ ऐकून वाटतं की ७८०५ ला, म्हणजे बोर्डावरच्या पाच व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला, पाचच काढायचेत, भरपूर आहेत की. पण ७८०५ ला स्वतःला वर दोनेक व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुट सातच्या खाली गेलं की पाचाचे पाच राहत नाहीत. आणि मीटर दाखवतं ती सरासरी. अ‍ॅडॉप्टरचा डीसी सपाट नसतो, सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होत असतो. मशीन ०.८ अँपिअर घेतंय आणि आतला कॅपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा धडधाकट आहे असं धरलं तरी हा चढउतार दीड-पावणेदोन व्होल्टचा येतो, आणि चाळीस वर्षांत कॅपॅसिटर सुकून निम्म्यावर आला असेल तर साडेतीन व्होल्टपर्यंत. म्हणजे ७.७ च्या सरासरीत खालचं टोक सातच्या खालीच. चित्रातली ती वर सरकणारी जाड लाट म्हणजे हाच चढउतार, तो डोळ्यांना दिसत होता. तुमच्याकडं अशी लाट दिसत असेल तर चिपकडं बघायचं सुद्धा नाही, आधी अ‍ॅडॉप्टर.

उलटंही होतंय बरं का. पहाटे मोटारी बंद झाल्या की त्याच घरात २५२ व्होल्ट. मग अ‍ॅडॉप्टर देतो साडेअकरा, आणि पाचाच्या वरचं सगळं ७८०५ उष्णता म्हणून जाळतो. नऊ व्होल्ट आले तर चार गुणिले ०.८ म्हणजे ३.२ वॅट, साडेअकरा आले तर ५.२ वॅट. एवढ्याशा बंद डब्यात ही दोन वॅटची वाढ फार मोठी आहे, उजवीकडची पट्टी हात लावू देत नाही. रात्री उपाशी आणि सकाळी अजीर्ण, असं ते मशीन जगत होतं.

तरी माझा अंदाज चुकू शकतो म्हणून खात्री करून घेतली, आणि ही टेस्ट तुम्हीही करा, पैसे लागत नाहीत. द्राक्षवाल्याच्या घरी बॅटरीवरचा फवारणी पंप असतोच, त्यात १२ व्होल्टची बॅटरी, त्याच्याकडची ८ अँपिअर-तासाची होती. तिला एलएम २५९६ चं बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारं छोटं सर्किट, लावलं, त्याचा छोटा स्क्रू फिरवून आउटपुट बरोबर ९ व्होल्टवर आणलं, आणि मगच मशीनला जोडलं. हा क्रम पाळा, आधी मीटरवर ९ बघायचे, मग मशीन, कारण नवीन मॉड्यूल कुठल्या व्होल्टेजवर लावून पाठवलंय ते सांगता येत नाही. त्या बॅटरीवर स्पेक्ट्रम सहा-सात तास आरामात चालतो. रात्रपाळीचा तो आख्खा आठवडा मशीन बॅटरीवर चालवलं, बाहेर मोटारी गरजत होत्या, बल्ब मंद होत होता आणि पडदा हलला सुद्धा नाही. पोरीनं तेवढ्यात साप-शिडीचा प्रोग्राम पूर्ण केला.

आता कमी व्होल्टेजनं रॅम का मरते ते सांगतो, कारण हँग होणं वेगळं आणि चिप जळणं वेगळं, आणि इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. स्पेक्ट्रममध्ये रॅमचे दोन गट आहेत. खालची १६ के म्हणजे ४११६ जातीच्या आठ चिपा, आयसी ६ ते आयसी १३. वरची ३२ के म्हणजे आयसी १५ ते २२, त्या नुसत्या पाच व्होल्टवर चालतात, बिचाऱ्या सहसा त्रास देत नाहीत. खालच्या ४११६ ला मात्र तीन व्होल्टेज लागतात, अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. अधिक पाच देतो ७८०५. बारा आणि उणे पाच तयार करायला बोर्डावर एक छोटं सर्किट आहे, टीआर ४, टीआर ५ आणि ती कॉइल, ते नऊ व्होल्टवर थरथरत राहून ही दोन व्होल्टेज बनवतं. ४११६ ची अट अशी की उणे पाच सगळ्यात आधी यायला पाहिजे आणि सगळ्यात शेवटी जायला पाहिजे. बारा व्होल्ट आहेत पण उणे पाच नाहीत अशी अवस्था आली की चिप आतून तापते आणि मरते. इनपुट खाली-वर झालं, अ‍ॅडॉप्टरची पिन सैल होऊन करंट तुटक-तुटक आला, की हे थरथरणारं सर्किट अडखळतं, आणि नेमकी तीच वाईट अवस्था तयार होते. ते अडकून पडलं आणि टीआर ४ सतत चालूच राहिला तर कॉइलमधून सरळ करंट वाहतो, मग टीआर ४ जातो, कॉइल काळी पडते. वर हे उलटही चालतं, एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली की तिनं टीआर ४ ला ओढून नेलाच. म्हणून नुसती चिप बदलली आणि टीआर ४ तपासला नाही, किंवा टीआर ४ बदलला आणि शॉर्ट चिप तशीच ठेवली, की चार दिवसांत आपण परत जागेवर.

मोजायचं कसं? मशीन बंद, अ‍ॅडॉप्टर काढलेला, आधी रेझिस्टन्सवर बघा. कुठल्याही ४११६ ची पिन ८ बारा व्होल्टची, पिन १ उणे पाचाची, पिन ९ अधिक पाचाची आणि पिन १६ ग्राउंड. पिन ८ आणि १६ मध्ये शून्याजवळ काही ओहम दाखवत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे, अशा वेळी पॉवर द्यायचीच नाही. शॉर्ट नसेल तर पॉवर द्या, काळा प्रोब ७८०५ च्या हीटसिंकवर, लाल प्रोबनं एकेक पिन बघा. पिन ८ वर १०.८ ते १३.२ च्या मध्ये काहीही चालेल, पिन १ वर उणे ४.५ ते उणे ५.५, पिन ९ वर ४.७५ च्या खाली नको. प्रोब घसरू देऊ नका, पिन ८ आणि ९ आयसीच्या एकाच टोकाला समोरासमोर असतात, प्रोबनं त्या जुळल्या की बारा व्होल्ट पाचाच्या लाइनीवर जातात आणि मग रॅम तर जाईलच, यूएलए ही पडदा सांभाळणारी सिंक्लेअरची खास चिप पण जाईल, आणि ती सहज बाजारात मिळणारी चिप नाही. टोकाला क्लिप असलेला प्रोब वापरा, पन्नास-शंभर रुपयांत येतो.

बारा आणि उणे पाच दोन्ही मिळत नसतील तर टीआर ४, तिथं झेडटीएक्स ६५० बसतो. तो बदलताना टीआर ५ पण बदलून टाका, झेडटीएक्स २१३, दोन्ही मिळून एका चहा-नाश्त्याच्या पैशात येतात आणि परत उघडायचा त्रास वाचतो. माझं मत असं की गेलेला टीआर ४ दिसला की आठही ४११६ संशयित धरायच्या.

कुठली चिप गेली हे पडदाच सांगतो, फक्त वाचता आलं पाहिजे. खालची १६ के हीच पडद्याची मेमरी. चांगलं मशीन चालू करताना नीट बघितलंत तर दीड-दोन सेकंद काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात, मग त्या पुसल्या जातात आणि पांढरा पडदा येतो. त्या रेघा म्हणजे रॉम, मशीनमधला कायमचा प्रोग्राम, प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा लिहून तपासतोय. प्रत्येक बाइट म्हणजे आडवे आठ ठिपके, सगळ्यात डावीकडचा ठिपका डी७ हा बिट म्हणजे आयसी १३, सगळ्यात उजवीकडचा डी० म्हणजे आयसी ६, मधले ओळीनं. म्हणजे अडकलेल्या पडद्यावर दर आठ ठिपक्यांत जी रेघ नको तिथं आहे किंवा पाहिजे तिथं नाही, ती मोजा, चिपचा नंबर हातात. सगळा पडदा लुकलुकत असेल तर डी७ अडकलाय, कारण रंगाच्या बाइटमध्ये तो बिट लुकलुकण्याचा आहे, थेट आयसी १३ कडं जा. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघितलं की मोजणं सोपं जातं.

मशीन चालू होतंय पण मोठा गेम लोड होत नाही, मध्येच रीसेट होतोय, असं असेल तर वरच्या रॅमची चौकशी करा. पी दाबला की प्रिंट येतं, मग एक्स्टेंड मोड आणि ओ दाबला की पीक, तर प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ असं टाइप करून एंटर मारा. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के जागेवर. ३२७६७ आलं तर वरची रॅम त्याला दिसतच नाही आणि तुमचं मशीन सध्या १६ केचं झालंय. दुसराच कुठला आकडा आला तर त्या पत्त्याच्या लगेच पुढं रॅमची तपासणी फसलीय. मला हे फार आवडतं, चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन आपला आजार आपण सांगतं.

चिप काढताना एक विनंती, आख्खी चिप एका दमात काढायचा हट्ट करू नका. या बोर्डाचे ट्रॅक नाजूक आहेत, जरा जास्त ताप दिला की पॅड उचलतात. गेलेली चिप जगवायची नसते, तिचे सोळा पाय वरच्या वर बारीक कटरनं कापा, चिप फेका, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्न लावून चिमट्यानं उचला, भोकं पंपानं साफ करा आणि तिथं सोळा पिनांचं सॉकेट बसवा. ४११६ घेताना १५० नॅनोसेकंदाची बघा. आणि कुणी "४१६४ घे, तशीच असते" म्हणालं तर जागच्या जागी लावू नका, ४१६४ ची पिन ८ पाच व्होल्टची आहे आणि या सॉकेटात तिथं बारा आहेत. आजकाल पाच व्होल्टवर चालणारं खालच्या रॅमचं बदली मॉड्यूल मिळतं, ते चांगलं आहे, पण त्यानं बारा व्होल्टची गरज संपत नाही, रंग तयार करणाऱ्या एलएम १८८९ ला बारा लागतातच.

आता खरा उपाय, अ‍ॅडॉप्टर. ९ व्होल्ट, २ अँपिअर, रेग्युलेटेड, स्विचिंग जातीचा, आणि पाठीवर इनपुट १०० ते २४० लिहिलेला. असा अ‍ॅडॉप्टर १७६ व्होल्ट आले तरी नऊ देतो आणि २२८ आले तरी नऊच देतो. मित्राच्या मळ्यात हाच लावला, बॅटरी परत फवारणी पंपात गेली.

पण थांबा, पोलॅरिटी! स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग मायनस आणि बाहेरचा प्लस असतो, आणि घरात पडलेले राउटरचे वगैरे अ‍ॅडॉप्टर बहुतेक सगळे याच्या उलटे असतात, मध्ये प्लस. पिन तीच, बसते पण छान, आणि लावल्या लावल्या टीआर ४ पासून सगळं खलास, कारण उलट्या करंटपासून वाचवणारं काही बोर्डावर नाही. कऱ्हाडच्या एका सरांचं मशीन असंच गेलं, नातवानं प्रेमानं आजोबांसाठी अ‍ॅडॉप्टर शोधून लावला होता, पोराला किती वाईट वाटलं असेल. तेव्हा वायर कापून उलटी जोडा, वर टेप लावून मोठ्या अक्षरात "फक्त स्पेक्ट्रम" लिहा आणि मीटरवर बघितल्याशिवाय लावू नका. मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानांच्या आसपास गिटारच्या पेडलचे ९ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर मिळतात, त्यांची मधली पिन मायनसच असते म्हणून एकानं तो सुचवला होता, सुचवणं बरोबर आहे पण त्यातले बरेचसे ५०० मिलीअँपचे असतात, ते पुरत नाहीत, अँपिअर वाचून घ्या.

स्विचिंग अ‍ॅडॉप्टरनं कधीकधी चित्रात बारीक तिरप्या रेघा येतात. वायरीला फेराइटचा मणी लावून बघा, नाहीतर दुसरा अ‍ॅडॉप्टर बघा, मशीनला त्यानं धोका काही नाही.

अ‍ॅडॉप्टर बदलूनही अडचण राहिली तर त्याची पिन बोर्डावर जिथं बसते ते सॉकेट बघा. मशीन चालू असताना पिन हलक्या हातानं हलवली आणि पडदा उडाला तर सॉकेट सैल आहे, आणि सैल सॉकेट म्हणजे दर हलण्याला लाईट जाऊन येणं, वर लिहिलेली सगळी कथा परत. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही म्हणून लोक पिन उपसून बंद करतात आणि खुपसून चालू करतात, ते सोडा. रीसेटला प्लसच्या डाव्या बाजूला बटण दिलंय ते वापरा आणि बंद करायला भिंतीवरचं बटण. मागच्या पट्टीला जॉयस्टिकचं इंटरफेस वगैरे मशीन चालू असताना लावू किंवा काढू नका, टीआर ४ जायचं ते अजून एक हमखास कारण.

बोर्ड उघडलाच आहे तर इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सगळे बदलून टाका, सगळे मिळून शंभर-दीडशेच्या आत येतात, प्लस-मायनस बघून लावा. ७८०५ फार तापत असेल तर त्याच जागी बसणारं तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल येतं, उष्णतेचा प्रश्नच मिटतो, मी दोन मशीनमध्ये घातलंय आणि उन्हाळ्यात सुद्धा डबा कोमट राहतोय.

पावसाळ्याचं थोडं वेगळं. आमच्या गावभागात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरात होतं, आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी तिच्याही कितीतरी वर गेलं होतं. शेजारच्या एका काकांचा स्पेक्ट्रम चार दिवस पाण्यात आणि मग गाळात होता. तो सुकू न देता डिस्टिल्ड वॉटरनं आणि मऊ ब्रशनं धुतला, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं परत धुतला, सावलीत पंख्याखाली तीन दिवस ठेवला, कळांखालचा मेम्ब्रेन मात्र गेला तो गेलाच, नवा घालावा लागला. बोर्ड आजही चालतोय. पण दर जुलैमध्ये एकदा तो पट्ट्या दाखवतो, आणि त्याचं कारण लाईट नाही, सॉकेटच्या आत बसलेला गंज. तेव्हा पुरातलं किंवा ओलीतलं मशीन असेल तर सॉकेटवरच्या चिपा काढून पाय साफ करून परत बसवणं हे पहिलं काम, आणि सॉकेट हिरवं दिसलं तर सॉकेटच बदला. एका ओळीतल्या पाच कळा एकदम बंद पडल्या तर मेम्ब्रेनची पट्टी कनेक्टरजवळ तडकलेली असते, मिलीमीटरभर कापून परत खोचली तर कधी कधी चालून जातं, पण ती फार वाळलेली असेल तर ओढू सुद्धा नका, नवीन मागवा.

ज्यांच्याकडं बीबीसी मायक्रो हा त्याच काळातला कॉम्प्युटर आहे त्यांना एकच सांगतो. १९८४ च्या क्लास या शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या सरकारी प्रकल्पात आलेली ती मशीन, जपलेली फार थोडी आहेत. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये मेनच्या तारांवर पिवळट पारदर्शक चौकोनी कॅपॅसिटर असतात, आत कागद असतो, वरचं कवच तडकून ओल आत जाते आणि एक दिवस चालू केल्यावर घरभर कडवट धूर. तडे दिसत असतील तर मशीन लावूच नका, ते काढून नवे एक्स२ जातीचे बसवा. हे काम २३० व्होल्टच्या बाजूचं आहे, आत साठलेला करंटही असतो, त्यामुळं स्वतःला जमत नसेल तर गल्लीतल्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडं घेऊन जा, ही मंडळी हे डोळे झाकून करतात.

मदत मागताना एवढं पाठवा म्हणजे मला लगेच सांगता येईल, अडकलेल्या पडद्याचा सरळ समोरून काढलेला फोटो, बोर्डावर छापलेला इश्यू नंबर (म्हणजे बोर्डाची आवृत्ती), पिन १, ८ आणि ९ ची तीन व्होल्टेज, अ‍ॅडॉप्टरच्या पाठीचा फोटो, आणि घरातलं व्होल्टेज सकाळी किती, रात्री दहानंतर किती. घरातलं व्होल्टेज बघायला सॉकेटात लावायचा आकडेवाला मीटर मिळतो, उघड्या तारांना प्रोब लावायची गरज नाही. मळ्यात राहत असाल तर थ्री फेज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, तेही लिहा.